थोरलीचा सीन

मंगळवार, ३ मार्च

आज धाकटी एडिटिंग रूममध्ये येऊन गेली. धाकटी म्हणजे जिच्यावर हा सिनेमा आहे ती. लाँड्रीत इस्त्री करणारी बाई, एक्केचाळिसाव्या वर्षी पळायला लागली आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. घरातल्या दोन सुनांतली लहान, म्हणून आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. मला वाटलं होतं उंच, काटक, डोळ्यांत आग वगैरे — तीन महिने पडद्यावर तशीच बघतेय ना! ही बुटकी निघाली. खुर्चीच्या कडेला अवघडून बसली.

शेवटची शर्यत दाखवली. तिसरी येते, पदक, गळ्यात पडून रडारड. बघून झाल्यावर म्हणाली, "मी पाचवी आले होते."

म्हटलं, माहीत आहे, पण सिनेमा आहे ना.

"मग त्या मधल्या दोघींचं काय झालं?"

हसून वेळ मारून नेली.

जाताना दारात थांबली. "एकच मागणं आहे. जाऊबाईंचा सीन राहू द्या. माझ्या वाटची इस्त्री त्यांनी केली, माझी पोरं त्यांनी सांभाळली. त्या कधी थिएटरात गेलेल्या नाहीत. हा बघायला येणार आहेत."

राहील की, म्हटलं. तो कशाला जाईल?

बुधवार, ४ मार्च

थोरलीचा सीन पुन्हा पाहिला. लाँड्रीतली वाफ, चादरींचा ढीग. धाकटी बूट हातात घेऊन घुटमळतेय. थोरली इस्त्रीचा हात न थांबवता हसते — "तू जा, मी आहे." एवढंच. नटी चांगली आहे. सीन गोड आहे.

पण तिथे सिनेमा मटकन खाली बसतो. काय करावं कळत नाही.

शनिवार, ७ मार्च

काढला.

कुणी सांगितलं नव्हतं, हे इथे तरी लिहून ठेवते. दिग्दर्शकाला (आम्ही त्याला मागे हुंदका म्हणतो, कारण दर दहा मिनिटांनी प्रेक्षकाकडून त्याला एक हवा असतो) तो सीन आवडायचा. "असू दे की, बिचारी," म्हणाला. मीच त्याला पटवलं. सरावाचा भाग म्हणजे दोन गाण्यांत चार वर्षं. पायऱ्या, घाम, पडणं, उठणं, डोंगरामागून सूर्य. मधेच इस्त्रीवाली बाई आली की प्रेक्षकाला घरचे न धुतलेले कपडे आठवतात. ती काढली आणि सिनेमा असा सुसाट सुटला की मीच रडले! स्वतः कापलेला, शंभरदा पाहिलेला शॉट, तरीही. ह्या सिनेमांची हीच तर जादू आहे. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, माझं अजून राहिलंय, माझीही वेळ येईल. ते खोटं नसतं. फक्त ती वेळ काढून कुणी दिली, एवढंच दाखवायला वेळ नसतो.

संध्याकाळी ताईचा फोन. आईच्या पाठीला पुन्हा जखमा व्हायला लागल्यात. "या रविवारी येतेस का?" म्हटलं, सिनेमा लॉक करायचाय गं, श्वास घ्यायला फुरसत नाही. "बरं. तू कर तुझं काम, मी आहे."

हे वाक्य मी सकाळीच कापलं होतं. फोन ठेवून चहा केला.

सोमवार, ९ मार्च

प्रसिद्धीवाली पोरगी आली होती. हुंदक्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून तिला सांगितलं, "आमची एडिटरसुद्धा उशिरा फुललेलं फूल आहे. बावन्नाव्या वर्षी पहिला स्वतंत्र सिनेमा!" पोरीचे डोळे चमकले. हे सगळं कसं जमवलंत म्हणे. जिद्द, मी म्हटलं. जीभ झडली नाही.

आई पाच वर्षं अंथरुणावर. पहिल्याच वर्षी ताईने नोकरी सोडली. मी तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली काम करायची. ताई म्हणाली, "माझं काय, माझी नोकरी साधीच. तुझं आत्ता कुठे सुरू होतंय." मी एकदाही नको म्हटलं नाही. नको म्हणायचा आवही आणला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

धाकटीचा फोन. थोरलीने सिनेमासाठी नवी चप्पल घेतलीय. घरात घालून फिरते, चावू नये म्हणून. "सीन आहे ना हो?"

म्हटलं, दिग्दर्शकांच्या मनात काय येईल, सांगता येत नाही बघा.

सरळ हुंदक्याच्या माथी मारलं. बिचारा तेव्हा समोरच बसून माझ्याच डब्यातलं खात होता.

रविवार, १५ मार्च

आईकडे गेले नाही. कारण काम. काम नव्हतं.

मंगळवार, १७ मार्च

सीन परत घालून पाहिला. शपथेवर सांगते, पाहिला. गाडीला खीळ बसते. पुन्हा काढला. आता प्रिंट गेली, माझ्या हातात काही नाही. असं लिहिताना बरं वाटतंय, ह्याचीच लाज वाटते.

शुक्रवार, २० मार्च

पहिला खेळ झाला. त्या दोघींच्या मागच्या रांगेत बसले होते. थोरली चांगली थोराड बाई आहे, हात मांडीवर घट्ट दाबून बसली होती. लाँड्री आली. वाफ — आणि वाफेतून थेट पायऱ्या. धाकटीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. थोरली हलली नाही. पुढे शर्यत आली तेव्हा मात्र सगळं थिएटर उभं राहिलं. थोरलीही राहिली, आणि सगळ्यांच्या नंतरपर्यंत टाळ्या वाजवत होती. हुंदक्याने स्वतःच दोनदा नाक शिंकरलं.

बाहेर पाण्याच्या मशीनपाशी थोरली एकटी सापडली. काढता पाय घेणार होते, पण तिच्या पायांतली नवी चप्पल दिसली आणि तोंडून निघून गेलं — तुमचा सीन होता. मी काढला. दिग्दर्शकांनी नाही, मी.

"तुम्ही काढलात?" तिने माझा हात धरला. तळवा खरखरीत, गरम. "फार उपकार झाले, बाई."

मला कळेना. टोमणा असेल म्हटलं. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"हिने सांगितलं होतं, त्यात मी हसून म्हणते, तू जा, मी आहे. तेव्हापासून झोप नाही मला. मी कधी असं म्हटलंच नाही. मी हिचे बूट लपवले होते. दोनदा. एकदा मळक्या चादरींच्या गाठोड्यात घालून टाकले. दिवसभर शोधत होती."

"का?"

"शाळेत मी पळायचे. माझ्या पुढे कुणी नसायचं." पेला भरला, पण प्यायली नाही. "घरात पोरं, सासरे, लाँड्रीची पाळी. एकीलाच जाता येणार होतं. मी पडले थोरली."

"धाकटीला माहीत आहे?"

"बुटांचं माहीत आहे. पळायचं नाही. तुम्ही पण सांगू नका. अजून पळते ती. उगाच मागे बघत बसेल."

तेवढ्यात धाकटी आली. थोरलीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि दोघी निघाल्या. जिने उतरताना थोरली पुढे होती, भराभर. नव्या चपलेत.

शनिवार, २१ मार्च

सगळीकडून फोन येतायत. लोक रडले म्हणे. एक बाई म्हणाली, उद्यापासून मी पळणार. पळ बाई. घरी कोण आहे ते आधी बघ.

खरं तर आज सुटल्यासारखं वाटायला हवं. ज्या सीनसाठी दोन आठवडे स्वतःला खात होते, तो सीनच खोटा होता. थोरलीच्या तोंडावर ते हसू आम्ही घातलं, कारण तसं असलं की धाकटीला बिनघोर पळता येतं. आणि बघणाऱ्याला बिनघोर रडता येतं.

ताईचं "मी आहे" मी पाच वर्षं फोनवरच ऐकत आलेय. ती हसूनच म्हणत असणार, असं धरून चालले. चेहरा कुठे दिसतो? आणि जाते तेव्हा मी चेहऱ्याकडे बघत नाही. मी घड्याळाकडे बघते.

रविवार, २२ मार्च

सकाळीच ताईला फोन केला. म्हटलं, आता महिनाभर आईजवळ मी राहणार. सगळं मी करते. तू जा.

ताई म्हणाली, "कुठे?"