उंचवट्यावरची थोराड गोगलगाय

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय गोट्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर तुझ्या नावाच्या मागे-पुढे सगळ्या पदव्या लिहिल्या आहेत, टपालवाल्यावर छाप पडावी म्हणून. आत मात्र तू गोट्याच.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवते. गेल्या वर्षी दोन दिवसांसाठी घरी आलास, तेव्हा माझे गमबूट घालून गेलास आणि तुझे इथे टाकलेस. तुझं माप माझ्यापेक्षा दोन बोटं मोठं; माझ्यात पाय कसे घुसवलेस ते तूच जाणे. तेव्हापासून मी टोकात लोकर कोंबून चिखलात उतरते. जगात याहून मोठे अन्याय झाले असतील, पण ते एक बूट चिखलात गमावून, ओल्या मोज्यावर बगळ्यासारखं उभं राहून कुणी सोसले नसावेत. आमचा होडीवाला म्हणतो, "बाई, तुम्ही आधी पोचता, बूट मागाहून येतात."

बाकी ठीक. संग्रहालयातल्या माझ्या खोलीची खिडकी अजून लागत नाही. शंखांच्या कपाटाचे खण दमटपणाने फुगलेत, गुडघा लावल्याशिवाय उघडत नाहीत. नवे साहेब विचारत होते, दरवर्षी त्याच चिखलातल्या त्याच गोगलगायी पुन्हा का मोजता. म्हटलं, तुम्हीही दरवर्षी तोच पगार पुन्हा घेता की.

तुझी खबर वर्तमानपत्रातून कळते. गुरुवारी निवड समिती बसणार आणि संस्थेचा संचालक तूच होणार, असं जो तो म्हणतो. नव्या गोगलगायीला आईचं नाव दिल्याचं जाहीर करताना तुझा कंठ दाटून आला, सभागृह उभं राहिलं. तो फोटो मी कपाटावर चिकटवला आहे. डोळ्यांना लावलेल्या रुमालाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. लहानपणापासून तू नीटनेटका.

आणि मग तुझा फोन आला. ताई, कवचाचं चित्र झालंय, आतल्या शरीराचं तेवढं तू काढून दे, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. इतकं गोड बोललास की मी लगेच कामाला लागले.

गोगलगाय उघडायची रीत मीच तुला शिकवली होती. आठवते का? थेट स्पिरिटमध्ये टाकली तर ती अंग चोरते, झाकण घट्ट मिटून घेते, मग आतलं काही दिसत नाही. आधी तिच्याच समुद्राच्या पाण्यात ठेवायची, वर मेन्थॉलचे चार खडे सोडायचे आणि वाट पाहायची. तिला बरं वाटू लागतं. हळूहळू मान बाहेर येते, शिंगं लांबतात, सगळं अंग पसरतं. मग सुईने हलकेच टोचून पाहायचं. दचकली नाही की झालं.

तू पाठवलेल्या बाटलीतल्या एकूण एक गोगलगायी मिटलेल्या होत्या. घाईत टाकल्यास ना. म्हणून तू फक्त कवचं मोजलीस. नेहमीच्या काळ्या गोगलगायीहून थोराड, पोट फुगलेलं, आणि खाली चिखलात न राहता वर वाळूच्या उंचवट्यावर राहणारी, म्हणजे जात नवी. शोधनिबंध छापून आला.

गोट्या, एव्हाना तूही सैलावला असशील.

मी उंचवट्यावरून जिवंत आणल्या आणि रीतसर उघडल्या. ती नवी जात नाही. तीच काळी गोगलगाय, आत कृमी झालेली. एकूण एक. कृमी आधी तिची पिल्लं होण्याची सोय खाऊन टाकतो. ती ताकद मग कवचात जाते, म्हणून बाहेरून ती अशी भरलेली, थोराड दिसते. कृमीला पुढे ज्यांच्या अंगात शिरायचं असतं ते किडे वाळूत राहतात, म्हणून तो तिला वर, कोरड्यात नेतो. मी काहींना उचलून खाली पाण्यात ठेवलं. पुढच्या ओहोटीला त्या पुन्हा वर. तिथे त्यांना खायला काही नसतं. तरी बसतात.

शेवटच्या महिन्यांत आई जिन्यात खुर्ची टाकून बसायची. "गोट्या आला का?" मी म्हणायची, येतोय. ताट तिथेच निवायचं. मी धरून आत आणून निजवायची, भांडी घासून येते तोवर ती परत जिन्यात. तुझी फी, तुझं विमानाचं तिकीट, तुझ्यासाठी विकलेली पुढची खोली, हे सगळं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा थाटात सांगायची की शेजारीण म्हणाली, आजारी माणसाच्या तोंडावर एवढं तेज कुठून येतं.

नाव तू अचूक ठेवलंस, एवढं मात्र मी मानते.

त्या गोगलगायी तू कधी गोळा केल्यास तेही मला ठाऊक आहे. आईला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आणि तू दारात माझे बूट चढवत होतास. तूच म्हणालास, "ओहोटी कुणासाठी थांबत नाही, ताई."

दोन नावं एकाच प्राण्याची निघाली की जुनं राहतं, नवं रद्द होतं. आईचं नाव यापुढे काळ्या गोगलगायीच्या खाली, बारीक अक्षरांत, चुकीच्या नावांच्या रांगेत छापलं जाईल. ते खोडायचं काम माझ्याच वाट्याला आलं. तिची बाकीची कामंही माझ्याच वाट्याला होती, हात बसला आहे.

माझा लेख स्वीकारला गेला आहे. संपादकांनी कळवलं, सौजन्य म्हणून मूळ लेखकाला आधी सांगा. ते सौजन्य म्हणजे हे पत्र. लेखाची एक प्रत निवड समितीलाही याच टपालाने जात आहे. त्यांचं कार्यालय आमच्या पोस्टापासून दोन गल्ल्यांवर आणि तू राहतोस लांब, त्याला माझा इलाज नाही. फोन करू नकोस. मी ओहोटीला गेलेली असेन.

मागितलेलं चित्र सोबत आहे, कृमींसकट. मेहनतीने काढलं आहे.

तुझे बूट घासून, वाळवून याच पार्सलात ठेवले. माझे परत पाठवू नकोस, मी नवे घेतले. टोकातली लोकर काढायला गेले, पण ती तुझीच आहे, म्हणून तशीच राहू दिली. उजव्या बुटात स्वेटरची एक बाही आहे, डाव्यात दुसरी निम्मी. आई जिन्यात बसून विणत होती. माप तुझंच आहे.

आता तुझं इथे काही राहिलं नाही.

ताई