ट्रेमध्ये न आलेली गाठ

४ जाने., रवि.
शिलाई मशीनवरून उठताना परत चक्कर. पिशवीतल्या गाठीमुळे पाळीत रक्त फार जातं, हिमोग्लोबीन सात. मानवतच्या डॉ. बाईंचं तेच पालुपद, गर्भाची पिशवी काढून टाका. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गल्लीत कुनाची ऱ्हायलीय?" खरंय. पिशवी काढणं म्हणजे इथं कान टोचण्याइतकं सोपं झालंय. पण मला ठेवायचीय. छत्तिशीत अजून पोराची आशा धरून बसलेय म्हणून? असेल.

१२ जाने.
संभाजीनगर. एमआरआय झाला. इथले डॉ. म्हणाले, मनगटातून बारीक नळी घालायची, गाठीला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत वाळूसारखे कण सोडायचे. रक्त थांबलं की गाठ हळूहळू आकसते, काही महिने लागतात. हे म्हणाले, "म्हंजी पाटाचं दारं बंद." डॉ. हसले.
मुलाचं विचारलं. "शक्यता राहते, खात्री देणार नाही." खोटं बोलले नाहीत, बरं वाटलं. रडूही आलं.

१९ जाने.
झालं. पूर्ण भूल नव्हती, गुंगीत बोलणं ऐकू येत होतं. मनगटाला टोचलं तेवढंच. खरं दुखणं नंतर. पाळीच्या कळा, पण कैकपट. सलाईनमधून औषध चालू, तरी ओकाऱ्या. आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं नि...
बाहेर सा.बाईंचा गोंधळ. आपल्याकडे ऑपरेशन झालं की काढलेलं ट्रेमध्ये आणून नातेवाइकांना दाखवतात. त्या ट्रेची वाट बघत बसलेल्या. नर्सला म्हणाल्या, "गाठ दावा." ती म्हणाली, आतच आहे. "मंग केलं काय तुमी?"

२२ जाने.
घरी. अंगात कणकण. डॉ.ना फोन केला, एवढी चालते म्हणाले, ताप चढला तर लगेच या. सा.बाई शेजारणीला सांगत होत्या, "गाठ हाय तिथंच हाय. फसवलं आमाला." लय राग आला. मग भीती. खरंच काही झालं नसेल तर?

१७ फेब्रु.
पाळी. मागच्यापेक्षा कमी. की मलाच तसं वाटतंय? दोन ब्लाऊज शिवले, चक्कर नाही.

२० एप्रिल
उद्या सोनोग्राफी. सा.बाई म्हणाल्या, "मीबी येती." मी फणकारले, "अजून भरवसा नाही ना?"
गवारी मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजी पिशवी ट्रेमधी तुज्या सासऱ्याला दावली व्हती. मला न्हाई. मला तर सुदीवर आल्यावर कळलं, काढली म्हून."
मी समोर बसून गवारी मोडायला घेतली. इतकी वर्षं एका घरात राहतोय.
"तुजी पडद्यावर दिसंल का?"
"दिसेल."
"मंग मला जवळ हुबं ऱ्हाऊ दी."
गाठ किती आकसलीय, उद्या कळेल. ह्यांना म्हटलं, तुम्ही थांबा घरी. आम्ही दोघी जातो.