मागच्या टायरमधले सूत

कुंभकोणम्, गुरुवार, संध्याकाळ

दादाच्या मोटारसायकलच्या झिजलेल्या मागच्या टायरमधून आज आतले सूत दिसले. पुढचा अजून चालेल, पण मागच्यावरच सगळा भार. त्यावर रोज आडुतुरै गावाला कामाला जायचे? मिस्त्री जुना बसवतो म्हणाला. जुन्याचा काय भरवसा? आईला सांगितले.

"दादाचे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात नवी वस्तू नको," ती म्हणाली.

सूत डोळ्यांपुढून हलेना.

वहिनी आतून म्हणाली, "सासूबाई, या घरातले एक माणूस गेले ते पुरे. भाऊजी, नवाच घ्या."

तेव्हा आई म्हणाली, "मग बाहेरच बसव. उंबऱ्याच्या आत आणू नकोस."

उद्या जाड नक्षीचा, विलायती, नवाच घेईन. रस्त्यावरच बसवीन.