शंभर खेळांची कॅसेट

अंबरनाथ (पूर्व)
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय बाळभाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही वाईट बातमीच धरून चालला असाल. तसं काही नाही. कुणी गेलेलं नाही, आमच्या मीनलच्या सासरी सगळं ठीक आहे. काही मागण्यासाठीही हे पत्र नाही, म्हणजे तुम्हाला वाटेल तसलं काही मागण्यासाठी नाही. फोन केला असता, पण आमचा फोन म्हणजे खालच्या किराणावाल्याचा. तिथे उभं राहून बोललं की गूळ घ्यायला आलेली माणसंही ऐकत थांबतात. शिवाय तुमचा आवाज ऐकून मी रडत बसले असते आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. तुमचे दादा आत पडलेत. मीनलला लिहितेय असं मी त्यांना सांगितलंय.

कॅम्प चारचं टीव्ही गेमचं दुकान आम्ही दसऱ्याला सोडलं. टेकचंदशेठनी तुमच्या कानावर घातलं असेलच. त्या जागेत आता ब्लाउजपीस मिळतात, फॉल-पिको करून मिळतो. शेवटच्या दिवशी पाटी ह्यांनी स्वतः उतरवली. टेकचंदशेठ समोरच्या गादीवरून उठून आले, पाटीचं एक टोक धरलं आणि म्हणाले, ‘श्रीपादभाई, आधी चाय पियो, मग उतरवा.’ इतकी वर्षं आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेली, पण त्या दिवशी दोघं पाटी शेजारी ठेवून चहा प्यायले. घरी येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले की, बाळनं पाटीचा रंग चांगला निवडला होता, इतक्या वर्षांत उडाला नाही.

तुमचं नाव ह्यांच्या तोंडून निघालं म्हणून मला तो जुना दिवस आठवला. ह्यांच्या कारखान्याला टाळं लागून वर्ष होत आलं होतं. हे रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे. इन्स्ट्रुमेंट सेक्शनचा सुपरवायझर, कुठला काटा किती हलला ते दुरून सांगणारा माणूस, पण बघायला काटेच उरले नव्हते. तेव्हा तुम्ही मुंबईहून खोक्यातून तो टीव्ही गेम घेऊन आलात. आईंना गंमत दाखवायला म्हणून. आई चष्मा सारखा करत खेळल्या. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडला की ‘अगंबाई, गेला बिचारा’ म्हणायच्या आणि रिमोट माझ्या हातात द्यायच्या. तुम्ही, तुमची कुंदा, मी, सगळे थोडं थोडं खेळलो, हसलो आणि चहा झाल्यावर उठलो. हे उठले नाहीत.

त्यानंतर आपण सगळे तो सेट केव्हाच विसरून गेलो आणि हे मात्र रोज खेळत राहिले. मी सुरुवातीला रागवायचे. एकदा विचारलं, यात एवढं आहे तरी काय? म्हणाले, ‘इथं हरलो तर का हरलो ते कळतं. कारखाना का गेला ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.’ मी पुन्हा विचारलं नाही. हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते, भाऊजी. बोलायला हवं होतं असं नाही, पण आज सांगावंसं वाटलं.

दुकानाची कल्पना तुमची. चांगली होती. कॅम्पात माल स्वस्त, ह्यांच्या हाताला दुरुस्तीची सवय आणि तुमच्या जिभेला साखर. पहिल्या दिवाळीला काउंटरपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. मी दुपारचा डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे, म्हणून मी दोन्ही तऱ्हेची माणसं पाहिली. एक म्हणजे घरची माणसं. बायको, दोन मुलं, हातात मिठाईचा पुडा. त्यांना कुठला सेट, कुठला गेम, काही फरक पडत नसे. ‘वहिनी, पोरं उन्हात जाणार नाहीत असं काहीतरी द्या,’ एवढंच मागणं. आणि दुसरी, ती मागच्या बाकड्यावर बसणारी. ती काही शाळेतली पोरं नव्हती. कुणी लूमवरचा फिटर, कुणी कॉलेज संपवून घरी बसलेला, आणि बदलापूर गावचा तो मिशीवाला जनू, दोन मुलांचा बाप, सकाळचं दूध घालून झालं की सायकल हाणत कॅम्प चारला यायचा. ‘वैनी, ह्या किल्ल्याचा दरवाजा उघडं नाय तवर मना जेवान जात नाय,’ असं मला सांगायचा. तुम्ही पहिल्यांना ‘गिऱ्हाईक’ म्हणायचात आणि दुसऱ्यांना ‘मंडळी’. ‘दादाची मंडळी आली,’ म्हणायचात. आधी हसून म्हणायचात, नंतर हसणं गेलं.

हे गिऱ्हाइकांशीही मंडळींसारखंच बोलायचे, तीच पंचाईत. मुलांसाठी सेट घ्यायला आलेल्या बाईला विचारायचे, मुलगा आधी काय खेळलाय, कुठे अडतो, चिकाटी आहे का. ती बिचारी गोंधळून जायची. तिला मुलगा गप्प बसायला हवा असायचा आणि हे जणू शाळेत प्रवेश देत होते.

सोनिवलीचं ते जोडपं तुम्हाला आठवत असेल. नवीन ब्लॉक घेतला होता, पहिली दिवाळी होती, मुलगी बापाच्या खांद्यावर झोपली होती. त्यांना सेटमध्ये घालायची शंभर खेळांची कॅसेट हवी होती. तुम्ही काढून पुढे ठेवलीत, पैसे देणार एवढ्यात हे दुरुस्तीच्या टेबलावरून उठून आले आणि म्हणाले, ‘शंभर नाहीत हो त्यात. आठच आहेत. नावं बदलून पुन्हा पुन्हा घातलेत. त्यापेक्षा ही घ्या, एकच गेम आहे, पण वर्षभर पुरेल.’ त्या माणसानं बायकोकडे बघितलं, बायकोनं त्या एका खेळाच्या कॅसेटकडे बघितलं. ‘विचार करून येतो,’ म्हणाले आणि समोर टेकचंदशेठकडे जाऊन तीच शंभरची घेऊन गेले. आपण तिघंही बघत उभे होतो.

तुम्ही तेव्हा आवाज चढवला नाहीत, हे मला चांगलं आठवतं. म्हणालात, ‘दादा, आठ आहेत ते मलाही माहीत आहे. त्यांना आठसुद्धा नाही लागणार. रविवारी दोन खेळतील आणि सेट कपाटावर टाकतील. पण खोक्यावर शंभर लिहिलेलं त्यांना बरं वाटतं. त्यात आपलं काय गेलं?’ हे म्हणाले, ‘खोटं लिहिलेलं विकायचं?’ तुम्ही म्हणालात, ‘मग तुझी मंडळी विकत घेतात का खरं? एक कॅसेट दहा जण फिरवतात, दिवसभर बाकडं अडवतात. हे दुकान नाही, अड्डा आहे.’ तिथे थांबला असतात तर निभावलं असतं. पण ह्यांनी विचारलं, ‘तू इतके सेट विकलेस, एक तरी गेम शेवटपर्यंत खेळलायस का?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘मला वेळ नव्हता. मला घर चालवायचं होतं. तुझंसुद्धा.’

भाऊजी, हे खरं होतं. म्हणूनच ते लागलं. ह्यांनी पुन्हा टेबलावर जाऊन तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. तुम्ही शर्टाला हात पुसले आणि निघालात. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत परत याल. होळीपर्यंत वाट पाहिली, मग बदलापूरला तुमचं दुकान निघाल्याचं जनूनं सांगितलं.

तुमचं चांगलं चाललं, त्याचा मला आनंद आहे, मनापासून. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगींत घरोघरी तुमच्याकडचे सेट गेले. पण मागच्या वर्षी मी तुमच्या दुकानावरून गेले होते. आत आले नाही, रिक्षात होते. काचेत घड्याळं होती, कॅल्क्युलेटर, चावीची माकडं, आणि टीव्ही गेम कोपऱ्यात खालच्या फळीवर. तेव्हा मनात आलं, एकदा सेट नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही हे तुम्हालाही कळलेलं दिसतंय. हे मी ह्यांना सांगितलं तर खूश होतील असं वाटलं होतं. झाले नाहीत. ‘बाळनं वेळेवर बदललं,’ म्हणाले आणि पान पुढे ओढून जेवायला लागले.

ह्यांना बदलता आलं नाही. सोळा बिटचे, जास्त चांगल्या चित्राचे सेट आले तेव्हा मंडळींनी ह्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. हे होते ते सगळे पैसे घालून बसले, दुकान त्याच मालानं भरलं. दोन वर्षं बाकडं पुरेना. मग सीडीवर चालणारी मशिनं आली आणि तीच मंडळी कल्याणला, डोंबिवलीला तासावर खेळायला जायला लागली. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचा जीव लागलेला असतो त्याला पुढचं दिसलं की मागचं नको होतं. ह्यांनीही दोष दिला नाही. उलट कुणी आला की विचारायचे, तिकडे काय नवीन आहे, पडद्यात खोली कशी दिसते, माणसाची सावली पडते का. हळूहळू विचारायलाही कुणी येईना. एक जनू तेवढा आला तर यायचा.

आईंच्या वर्षश्राद्धाला तुम्ही दोघं एका पंगतीत बसलात आणि एकमेकांच्या पानात वाढायलासुद्धा सांगितलं नाहीत. कुंदा आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघत होतो. तिला माझे आशीर्वाद सांगा. तिनं पाठवलेली मिरगुंडं अजून पुरवून पुरवून वापरतेय.

आता इथलं सांगते. दुकानाच्या शेवटच्या वर्षात हे कॅसेटवरची नावं मला वाचायला सांगायचे. मला वाटायचं, कंटाळले असतील. टीव्हीच्या इतके जवळ बसायचे की मी ओरडायचे. मग डाग देताना बोट भाजून घेतलं, एकदा नाही, सारखं. सायकल विकून टाकली, गुडघे दुखतात म्हणाले. पेपर मी वाचून दाखवते. बाजारात माझ्याबरोबर येतात आणि रस्ता ओलांडताना माझ्या पिशवीचा बंद धरतात, जणू ओझं वाटून घेतायत. मी हे सगळं एकेक करून पाहत होते, पण एकत्र करून पाहायची मला भीती वाटत होती. दिवाळीनंतर जिन्यात पडले तेव्हा मी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं.

साखर आहे, भाऊजी. कधीपासून होती देव जाणे. डोळ्यांच्या आत रक्त उतरलंय. डावा डोळा गेला. उजव्याला लेसर केलं, पुन्हा करायचंय. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खोटी आशा लावत नाहीत. ‘जेवढं आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू,’ म्हणाल्या. किती दिवस, ते सांगितलं नाही. मीनलला माहीत आहे, ती महिनाभर राहून गेली. तुम्हाला कळवू का, म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नको म्हणाले. ‘दया म्हणून येईल,’ म्हणाले. मी ऐकलं, कारण या माणसानं आयुष्यात फार थोड्या गोष्टी हट्टानं मागितल्या आहेत.

पण परवा जनू आला होता. ह्यांनी त्याला सेट लावायला सांगितला आणि स्वतः शेजारी बसले. पडद्यावर काय चाललंय ते तो सांगत होता आणि हे त्याला डावीकडे जा, थांब, आता उडी मार, असं सांगत होते. दोघांनी मिळून बरीच मजल मारली. जनू गेल्यावर ह्यांनी चाचपत सेटची वायर गुंडाळून ठेवली. मी भाजी चिरत होते. मला विचारलं, ‘बाळचे केस पिकले असतील का ग? आईच्या श्राद्धाला मी नीट बघितलंच नाही त्याच्याकडे. आता बघावंसं वाटतंय.’ एवढंच बोलले आणि हात धुवायला उठले. म्हणून हे पत्र. तुमच्यातलं कोण बरोबर होतं ते मला ठरवायचं नाही आणि तुम्हीही ते ठरवायला येऊ नका. मी लिहिलंय हे सांगू नका, इकडून जात होतो म्हणा. काही आणू नका. उजव्या डोळ्याला अजून माणूस ओळखू येतो, अगदी समोर बसला आणि तोंडावर भरपूर उजेड असला तर. दुपारनंतर आमच्या घरात अंधारतं. तेव्हा सकाळी या, भाऊजी, आणि खिडकीकडे तोंड करून बसा.

तुमचीच,
मालिनीवहिनी