ओटीतले गहू

मेलबर्न, ८ मार्च २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचले. हर्षल न्यायला आला होता. तुझ्या जावयाने आल्याआल्या लसणाची चटणीच मागितली.

एक गोष्ट फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते. इथे उतरण्याआधी खाण्याच्या वस्तू, बी-बियाणं सगळं फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. चटणी, येसर मसाला लिहिलं. निघताना तू भरलेल्या ओटीचं सुचलंच नाही. ओटी म्हणजे खायची वस्तू असं आपल्या मनात तरी येतं का? विमानतळावर तपासणीच्या रांगेत आठवलं, तेव्हा आपणहून सांगितलं. चटणी तपासून परत दिली, खणही दिला. गहू आणि नारळ मात्र ठेवून घेतले. आपल्या वावरातले गहू त्यांच्या डब्यात पडताना बघवले नाहीत.

हर्षल कामावर गेला की दिवसभर बोलायला कुणी नसतं. रागावू नकोस.

तुझी,
रोहिणी

कोल्हार, २९ मार्च २०२५

चि. सौ. रोहिणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुझे दादा गेले, मी विधवा झाले, तेव्हापासून कुणाची ओटी भरत नाही. तुझी भरली, तीही शेजारच्या भीमाबाई काकू यायच्या आत, दार लोटून. आणि कुणी विचारलं नसताना तूच ती काढून दिलीस.

राहवलं नाही, म्हणून भीमाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, रांडमुंड बाईच्या हातची वटी परमुलखात जात न्हाई, तिथल्या सरकारलाबी ती चालली न्हाई. मलाही तेच खरं वाटतं. माझाच हात आडवा आला.

घरात मी आणि गाय. एकटीपुरतं कालवण करायचा हात अजून बसला नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई,
छबूबाई

मेलबर्न, २० एप्रिल २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

काकूंना सांग, माझ्यापुढच्या बाईचेही तांदूळ-नारळ ठेवून घेतले. हातभर चुडा होता तिच्या. इथल्या साहेबाला सवाष्ण आणि विधवा कळत नाही, त्याला धान्य तेवढं कळतं.

काल इथल्या दुकानातून गहू-नारळ आणले. खण पसरला आणि तशीच बसून राहिले, कारण आपली ओटी आपल्याला भरता येत नाही. खूप रडले.

आई, मला दिवस राहिलेत. हर्षलखेरीज तुलाच पहिल्यांदा सांगते आहे. सातव्या महिन्यात ओटी भरायची आहे. पासपोर्टचं लगेच बघ. काकूंना नाही, तुलाच बोलावते आहे. येताना गव्हाचा दाणासुद्धा आणू नकोस. इथे सगळं मिळतं, फक्त भरणारं कुणी नाही.

वाट बघते.
तुझी,
रोहिणी