भाऊजींची करवत, माझं हेल्मेट

बाबा,

मी करवतीच्या दुकानात गेले आहे. भाऊजींनी काल पसंत केलेली चेनसॉ आज पाठवू नका, असं दुकानदाराला सांगायचंय.

वखारीतल्या सगळ्यात जाड ओंडक्याचा घेर दोरीने मोजून मी त्याची जाडी काढली. बत्तीस इंच भरली. म्हणजे साखळी जिच्यावरून धावते ती पट्टी छत्तीस इंची हवी, हे भाऊजींचं बरोबर आहे. लिहिताना जिवावर येतंय. पण त्यांनी निवडलेल्या साठ सीसीच्या इंजिनाला एवढी पट्टी म्हणजे वासराच्या मानेवर बैलाचं जू. साखळी लाकडातच अडकेल. इंजिन नव्वदचं हवं.

"जावयाला यातलं सगळं कळतं," असं तुम्ही ताईला म्हणालात, तेव्हा मी शेजारीच जुन्या साखळीला धार लावत होते. धार लावायला तुम्हीच शिकवलंत मला. मशीन निवडायला मात्र त्यांना नेलंत, आणि निघताना, तिथे करवत चालवून बघायला, माझं हेल्मेट त्यांच्या हातात दिलंत.

नव्या करवतीचा पहिला काप मी घेणार. भाऊजींसाठी दुसरं हेल्मेट आणते. माझं त्यांना घट्टच होतं. कपाळावर वळ उठला होता, तुम्ही पाहिला नसेल.