न झालेली कानउघाडणी

मंगळवार, ९ जुलै १९७४
माझ्या हातचं: रंगाचे दोन्ही हौद, लडी पिळायचं यंत्र (चाकं भंगारातली), वाळवणीचे बांबूचे घोडे, आणि कारखान्याचा लाल. हो, लालसुद्धा. सोलापुरात असा लाल दुसरीकडे दाखवा. शिकवायला कोणी नव्हतं. इंग्रजीही डिक्शनरी घेऊन आपलं आपणच.
हे आज लिहायचं कारण, मालकांचं परदेशी गिऱ्हाइकाला जायचं पत्र. चादरींचा लाल पांढऱ्यात उतरला, अशी तक्रार आहे. उत्तरात काय, तर 'अवर डाइंग मास्टर हॅज बीन टेकन टु टास्क.' डाइंग मास्टर म्हणजे मी. खाली कबुलीची सही माझी हवी.
मला कुणी झाडलं? कधी?

बुध. १०
मालकांना विचारलं. "अहो मास्तर, इंग्रजी पत्रात असं लिहायची रीतच असते. तुम्हाला कोण रागावलंय?"
तेच म्हणतो मी! टेकन टु टास्क म्हणजे चूक दाखवून, जाब विचारून झाडणं. सूत उकळत्या साबणातून काढायचं राहिलंय, रंग सुटेल, नेऊ नका, असं दारात आडवं उभं राहून सांगितलं होतं मी. 'गाडी थांबलीय' म्हणत सुताचे गठ्ठे मागांकडे कुणी नेले? मालकांनीच ना!
म्हटलं, "लिहायचंच तर आधी रागवा. उद्या, रंगखात्यात, सगळ्यांदेखत. कशाबद्दल, तेही सांगा. मग सही."

गुरु. ११
धुतलेला शर्ट घालून हौदापाशी उभा राहिलो. कामं थांबलेली. मालक आले. घसा खाकरला. "मास्तर..." माझ्याकडे बघितलं, हौदाकडे बघितलं. "चहा झाला का?"
लडी पिळणारी नागम्मा पदराआडून, "लई कडक बोलले की वो मालक!" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. चहा घेतला नाही.

शुक्र. १२
ही म्हणते, "एका सहीनं काय झिजतंय तुमचं? तिकडचं कोण हितं बघाया येतंय व्हय?"
मी बघतो ना. रोज. भाकरी तशीच टाकून उठलो. तिच्यावर उगाच ओरडलो.

शनि. १३
मालक घरी आले. पहिल्यांदाच. हिच्या हातचा चहा प्याले. "गिऱ्हाईक तुटलं तर खातं बंद करावं लागंल, मास्तर. माझं नाव कसं घालू?" आवाज पडलेला. क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी पाकीट पुढं सरकवलं, आणि ते वाटणंही गेलं.
पत्र परत. पाकीट परत. सोमवारी खात्यात यायचं की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
देऊ केलं होतं: सहीचे पाचशे रोख, दिवाळीपासून पगारात चाळीसची वाढ. नको म्हटलं.